शिट्टीवाले सर, स्क्रीनवरचा कोच: एका सीझनचा हिशेब

ऑनलाइन कोचिंग घ्यावं की मैदानावर सरांकडेच जावं, हा प्रश्न लांब पल्ल्याचं धावणाऱ्यांत आता इतका नेहमीचा झालाय की त्याची उत्तरंही सगळ्यांना पाठ आहेत. एक गट म्हणतो, ‘आकडे खोटं बोलत नाहीत.’ दुसरा म्हणतो, ‘आमच्या सरांना नुसतं बघून कळायचं.’ मी दोन्हीकडे पैसे आणि घाम मोजलाय, आणि माझं पोट हिशेब तपासण्याच्या धंद्यावर भरतं. त्यामुळे आकड्यांची मला भीती नाही आणि त्यांचं कौतुकही जरा बेतानेच आहे. एक मॅरेथॉन सीझन ॲपवरच्या कोचिंग सेवेसोबत काढला, त्याचा हा रिव्ह्यू. सेवेचं नाव देत नाही. याच साच्याच्या आणखी बऱ्याच सेवा आहेत आणि इथे सांगतेय त्यातलं बरंचसं त्यांनाही लागू पडेल.

निकाल आधीच सांगून टाकते: सेवा चांगली आहे, घ्यायला हरकत नाही. फक्त ती काय करते आणि काय करत नाही हे तिच्या जाहिरातीवरून कळत नाही. ते कळायला माझा अर्धा सीझन गेला, तुमचा जाऊ नये.

सेवेच्या दोन पातळ्या आहेत. खालच्या पातळीत नुसतं ॲप: तुम्ही शर्यतीची तारीख, सध्याची वेळ आणि आठवड्यातले मोकळे दिवस भरायचे, ते आराखडा काढून देतं आणि घड्याळात रोजचा वर्कआउट आपोआप येऊन पडतो. वरच्या पातळीत तेच ॲप, पण आराखडा एक माणूस लिहितो. तो तुमचे रन बघतो, मेसेजला उत्तर देतो, महिन्यातून एकदा व्हिडिओ कॉल करतो. मी सुरुवात खालच्या पातळीवर केली आणि मग वर गेले.

नोंदणीचा फॉर्म लांबलचक आहे, पण नीट विचार करून बनवलाय. आधीच्या दुखापती, झोपेची वेळ, कामाचे तास, पाळीचं चक्र, कोणती औषधं चालू आहेत, सगळं विचारतात. एवढं विचारून झाल्यावर मात्र हार्ट रेटचे झोन (किती जोरात पळायचं ते ठरवणारे पल्सचे पट्टे) २२० वजा वय या कमाल पल्सच्या सूत्राने ठरवून मोकळे! हे सूत्र १९७१ पासून प्रचारात आहे आणि त्यामागे खास असा कोणता प्रयोगही नव्हता. उपलब्ध माहितीवरून ओढलेली ती एक ढोबळ रेघ होती. एकाच वयाच्या दोन माणसांच्या कमाल पल्समध्ये सहज वीस ठोक्यांचा फरक असू शकतो. २००१ साली २०८ वजा वयाच्या ०.७ पट असं सुधारित सूत्र आलं, पण तीही शेवटी सरासरीच. माझी कमाल पल्स सूत्रापेक्षा बरीच वर आहे. परिणाम असा की ‘झोन २’ मध्ये, म्हणजे हलक्या पट्ट्यात, राहायचं म्हणून मला चढावर चक्क चालावं लागायचं. चढावर टेस्ट देऊन खरा आकडा काढला, सेटिंगमध्ये हाताने भरला, तेव्हा कुठे झोन जागेवर आले. ही सोय ॲपमध्ये आहे, पण तीन मेनू आत दडवलेली. नवीन धावणारीला ती सापडायची नाही. ती बिचारी ‘माझा दमच कमी आहे’ असं समजून बसेल.

झोन एकदा बसले की या सेवेचा सगळ्यात मोठा फायदा दिसायला लागतो: ती तुम्हाला हळू पळायला लावते. ऐकायला साधं वाटतं, पण सरांच्या ग्रुपमध्ये हे कधीच जमलं नव्हतं. सर सांगायचे, ‘आज आरामात, गप्पा मारत.’ पहिला किलोमीटर गप्पा चालायच्या. मग पुढचा कोणीतरी अर्धं पाऊल पुढे सरकायचा, त्याच्या बाजूचा त्याला गाठायचा, आणि पाचव्या किलोमीटरला सगळे तोंड मिटून शर्यत लावल्यासारखे. सर गेटपाशी उभे, त्यांना यातलं काही दिसायचं नाही. आपण परत येईपर्यंत चेहरे पुसून व्हायचे.

घड्याळ मात्र सगळं बघतं. झोनच्या वर गेलात की मनगटावर थरथरतं, आणि रात्री आलेखात लाल पट्टा दिसतो. स्टीफन सायलर या अभ्यासकाने अव्वल रोअर, स्कीअर, सायकलपटू आणि धावपटूंचं ट्रेनिंग तपासून दाखवलं की त्यांची जवळपास ८० टक्के सत्रं हलक्या तीव्रतेची असतात. हल्ली ज्याच्या-त्याच्या तोंडी असतं ते ८०-२० हेच. पण हे काही आजचं शहाणपण नाही. न्यूझीलंडच्या आर्थर लिडियार्डने पन्नासच्या दशकातच आपल्या मुलांना आठवड्याला शंभर मैल, म्हणजे १६० किलोमीटर पळवायला सुरुवात केली होती. त्यांत पीटर स्नेल हा ८०० मीटरचा धावपटूही होता. रविवारची ३५ किलोमीटरची डोंगराळ लाँग रन त्यालाही चुकली नाही. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये २ सप्टेंबरला स्नेलने ८०० मीटरचं आणि मरी हालबर्गने ५००० मीटरचं सुवर्ण घेतलं, दोन्ही तासाभराच्या आत. लिडियार्डकडे तेव्हा पल्स मोजणारा पट्टा नव्हता. मनगटावरच्या रिसीव्हरला बिनतारी आकडा पाठवणारं पोलारचं यंत्र बाजारात आलं १९८२ मध्ये. म्हणजे तत्त्व जुनंच आहे, नवीन आहे ती राखण. आणि राखणीचे पैसे द्यायला माझी तक्रार नाही.

आता ज्यासाठी हा रिव्ह्यू लिहायला बसले ते सांगते.

एक नेहमीचं इंटरव्हल सत्र घ्या: १००० मीटरचे सहा रिपीट, म्हणजे तेच अंतर सहा वेळा वेगात, मध्ये विश्रांती. हेच सत्र मी सरांकडे केलंय आणि हेच ॲपवर.

सरांकडे ते असं व्हायचं. सर फिनिश लाइनला उभे राहत नसत. ते २०० मीटरच्या खुणेपाशी, वळणाच्या बाहेरच्या बाजूला उभे राहायचे. कोणी विचारलंच तर म्हणायचे, ‘फिनिशला सगळेच छान पळतात.’ तिथून त्यांना खांदे दिसायचे. खांदे कानांकडे चढायला लागले, अंगठा मुठीत गेला, पाऊल पडताना आवाज यायला लागला, की त्यांची मान किंचित तिरकी व्हायची. रिपीट संपला की लगेच मानेवर दोन बोटं आणि दहा सेकंदांची मोजणी. ‘वीस झाले की निघ.’ दहा सेकंदांत वीस म्हणजे मिनिटाला १२०. वीसवर येईपर्यंत पुढचा रिपीट नाही, मग एक मिनिट लागो की दोन. फारच वेळ लागतोय असं दिसलं की ते काहीतरी बिनकामाचं विचारायचे: ‘पेपर कधी सुरू होतायत गं?’ उत्तर एका दमात येतंय की तुटत तुटत, ते ऐकायचं असायचं. आणि एखाद्या दिवशी चौथ्या रिपीटनंतरच, ‘बस. बूट सैल कर, दोन राउंड हळू मार, घरी जा.’ ‘सर, दोन राहिलेत.’ ‘ते मोजायला मी आहे ना!’

तेच सत्र ॲपवर. घड्याळात वर्कआउट आलेलं: किलोमीटरला ४:५० ते ५:००, सहा वेळा, मध्ये दोन मिनिटं. पहिले तीन मस्त गेले. तिसऱ्यानंतर विश्रांतीत पल्स खाली यायला मागेना आणि डाव्या पोटरीत एक बारीक ओढ सुरू झाली. दोन मिनिटं संपली, बीप. चौथ्या रिपीटच्या मध्यावर वेग ५:०४ झाला तर थरथर आणि पडद्यावर बाण: वेग वाढवा. पाचवा, सहावा, तसंच. शेवटी रंगीत कागदांचा पाऊस, हिरवी खूण आणि ‘आखल्याप्रमाणे पूर्ण’ असा शेरा.

यात यंत्राकडे माहितीची कमतरता नव्हती, हे लक्षात घ्या. पल्स तिथेच, त्याच मनगटावर, सेकंदासेकंदाला मोजली जात होती. सरांकडे दोन बोटं आणि घड्याळाचा एक काटा होता. पण सरांची विश्रांती पल्सवर बेतलेली होती, माझ्या ॲपची मिनिटांवर.

दुसऱ्या दिवशी सकाळी वरच्या पातळीवरच्या माझ्या कोचचा मेसेज आला. (तोवर मी वर गेले होते.) ‘शेवटच्या तीन विश्रांतींत पल्स १३५ च्या खाली आलेली दिसत नाही. पोटरीला किंवा झोपेला काही प्रॉब्लेम आहे का? गुरुवारचं सत्र काढून टाकतोय.’ माणूस हुशार आहे, त्याला फाइलमधून नेमकं तेच दिसलं जे सरांना वळणावरून दिसलं असतं. फक्त मी तो मेसेज वाचला तेव्हा जिना उतरताना कठडा धरत होते. पुढचे काही दिवस पोटरी फिजिओच्या हातात होती.

माझ्या धंद्यात याला उपमा तयार आहे: एक माणूस गल्ल्यावर बसतो आणि एक वर्षअखेरीला वह्या तपासतो. दोघंही पैशावरच नजर ठेवून असतात आणि दोघंही लागतात. पण गल्ल्यातली नोट उचलली जात असताना हात धरणारा एकच. ऑनलाइन कोचिंग, अगदी वरच्या पातळीचंही, वह्या तपासतं. जाहिरातीत मात्र गल्ल्यावर बसल्याचा भास आहे: ‘दर पावलाला कोच तुमच्यासोबत’, वगैरे.

म्हणूनच ‘पारंपरिक म्हणजे अंदाज, आधुनिक म्हणजे विज्ञान’ ही वाटणी मला पटत नाही. सरांचं ते ‘वीस झाले की निघ’ कुठून आलं होतं? १९३० च्या दशकात जर्मनीत वोल्डेमार गेर्श्लर हा कोच आणि हर्बर्ट राइंडेल हा हृदयाचा डॉक्टर, या दोघांनी इंटरव्हलची पद्धत बसवली. पल्स साधारण १८० पर्यंत न्यायची, ती १२० वर आली की पुढची धाव, आणि दीड मिनिटात आली नाही तर सत्र थांबवायचं किंवा धावच हलकी करायची. याच गेर्श्लरच्या हाताखाली रुडॉल्फ हार्बिगने १९३९ मध्ये ८०० मीटर १:४६.६ मध्ये काढले आणि तो विक्रम १९५५ पर्यंत कोणाला हलवता आला नाही. सरांना गेर्श्लर हे नाव ठाऊक होतं की नाही, देव जाणे. त्यांच्या कोचने त्यांना वीस सांगितले, त्यांनी आम्हाला. म्हणजे आपण ज्याला सरांची ‘नजर’ म्हणतो तिच्यात निम्मं त्या काळचं शरीरविज्ञानच होतं, फक्त त्यावरची लेबलं धुऊन निघाली होती.

आणि दुसऱ्या टोकाला आजच्या घडीचं सगळ्यात ‘आधुनिक’ म्हणून गाजणारं नॉर्वेचं मॉडेल बघा. मारियस बाकेन हा तिथला ५००० मीटरचा धावपटू, शिक्षणाने डॉक्टर. स्वतःवर हजारो लॅक्टेट चाचण्या (जोर वाढला की रक्तात वाढणारा पदार्थ म्हणजे लॅक्टेट) करून त्याने एकाच दिवसात दोन थ्रेशोल्ड सत्रं, म्हणजे जेमतेम तासभर टिकेल अशा तीव्रतेच्या आसपासची सत्रं, करायची पद्धत घडवली. त्यात रिपीटच्या मध्येच बोटाला किंवा कानाच्या पाळीला टोचून रक्ताचा थेंब घेतात आणि लॅक्टेट साधारण २ ते ४ मिलिमोलच्या पट्ट्यात आहे का ते तिथल्या तिथे बघतात. वर सरकलं की पुढचा रिपीट हळू. म्हणजे तिथेही दुरुस्ती तिसऱ्या आणि चौथ्या रिपीटच्या मधेच होते! दोन बोटांच्या जागी सुई आली इतकंच. मला वाटतं, कोचिंग जुनं की नवं हे विचारण्यापेक्षा ‘दुरुस्ती कधी होते’ हे विचारावं. धावतानाच, की दुसऱ्या दिवशी, की सीझन संपल्यावर?

ॲपच्या गुणांकाविषयी दोन शब्द, कारण त्यापायी लोक वेडे होतात. प्रत्येक सत्राला ‘लोड’चा आकडा मिळतो. हे गणित मुळात सायकलिंगमधून आलं, अँड्र्यू कॉगनने बसवलेलं: थ्रेशोल्डच्या तीव्रतेने एक तास म्हणजे १०० गुण. त्या गुणांची ४२ दिवसांची चालती सरासरी म्हणजे ‘फिटनेस’, ७ दिवसांची म्हणजे ‘थकवा’, आणि दोन्हींतला फरक म्हणजे ‘फॉर्म’. सुटसुटीत आहे. पण आता जरा गुणाकार करा. तीव्रतेचा वर्ग घेतात, त्यामुळे थ्रेशोल्डच्या ७० टक्के तीव्रतेने एक तास पळालात तर ४९ गुण. दोन तास पळालात तर ९८. म्हणजे एक तास जीव काढून पळणं आणि दोन तास रमतगमत पळणं, वहीत दोघांची नोंद जवळपास एकच. दुसऱ्या दिवशी सकाळी अंथरुणातून उठताना तुमच्या पायांना विचारा, त्यांना हे मान्य आहे का! उतारावरून पळून मांड्यांची लागलेली वाट, मुलाच्या तापापायी जागून काढलेली रात्र, ऑफिसात दिवसभर उभं राहणं, यांतलं काहीच त्या आकड्यात उतरत नाही.

त्याहून वाईट म्हणजे टेपर. शर्यतीआधी अंतर कमी केलं की ४२ दिवसांची सरासरी घसरणारच, तो अंकगणिताचा नियम आहे. ॲप मात्र तेव्हा खाली जाणारा बाण दाखवतं: ‘फिटनेस घटतोय.’ शर्यत तोंडावर आलेल्या माणसाला हे दाखवायचं म्हणजे काय! माझ्या ओळखीच्या एकाने तो बाण वर आणायला शेवटच्या आठवड्यात गुपचूप जास्तीचे रन टाकले. सरांच्या टेपरमध्ये घरी बसवून ठेवायचं काम त्यांचा दरारा करायचा.

एका बाबतीत मात्र दोघांचं गोड जमतं: आठवड्याला अंतर १० टक्क्यांहून जास्त वाढवायचं नाही. सर हे ब्रह्मवाक्यासारखं सांगायचे, ॲपही १० टक्क्यांच्या वर गेलं की इशारा देतं. २००८ मध्ये नेदरलँड्समधल्या एका अभ्यासात नवख्या धावणाऱ्यांच्या एका गटाला या नियमाने हळूहळू आणि दुसऱ्याला नेहमीच्या, जरा वेगवान आराखड्याने वाढवलं. दोन्ही गटांत पाचातला साधारण एक जखमी झालाच. नियम निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाही; तो पाळला की झालं, असं समजून निर्धास्त होऊ नये, एवढंच. ॲपच्या इशाऱ्याची भाषा इतकी ठाम आहे की निर्धास्त व्हायला होतं.

आता सरांची बाजू, कारण एवढं वाचून तुम्ही त्यांना देव्हाऱ्यात बसवलं असेल.

ट्रॅकच्या कडेला एक वजनकाटा असायचा. दर सोमवारी मुलींना सगळ्यांसमोर त्यावर चढवायचे आणि आकडा मोठ्याने वाचायचे. ‘दोन किलो कमी कर, अर्धा मिनिट असंच निघेल.’ पाळीचं नाव काढायची सोय नव्हती. ‘पोट दुखतंय’ म्हटलं की सर दुसरीकडे बघायचे आणि ‘बरं, बाजूला बस’ म्हणायचे. आमच्यातल्या एकीची पाळी कित्येक महिने बंद होती. ट्रेनिंग नीट चाललंय म्हणून असं होतं, हीच आमची समजूत होती. तिच्या नडगीच्या हाडाला स्ट्रेस फ्रॅक्चर झालं आणि ती पुन्हा ट्रॅकवर आली नाही. खर्च होणारी ऊर्जा भरून निघाली नाही की पाळी, हाडं, प्रतिकारशक्ती सगळ्यांवर परिणाम होतो. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने त्याला रेड-एस हे नाव दिलं ते २०१४ मध्ये. त्याआधीही स्त्री खेळाडूंमधलं अपुरी ऊर्जा, बंद पाळी आणि कमजोर हाडं हे त्रिकूट डॉक्टरांना ठाऊक होतं, ते आमच्या ट्रॅकपर्यंत मात्र पोचलं नव्हतं.

इथे ही ऑनलाइन सेवा निर्विवाद सरस आहे. पाळीची नोंद ठेवायचा रकाना आहे, ती चुकली तर कोच सरळ विचारतो, वजनाचा आकडा मागतच नाही. पहिल्या व्हिडिओ कॉलमध्ये त्याने झोप आणि पाळी हे विषय ज्या सहजतेने काढले, ती सहजता मला माझ्या विशीत मिळायला हवी होती. चक्राच्या टप्प्यांप्रमाणे वर्कआउट बदलायचा जो नवा फीचर ते विकतात, त्याच्यामागचा पुरावा अजून कच्चा आहे, तो मी बंद ठेवला. पण ‘चुकली तर सांगा’ एवढा साधा प्रश्नही मोठा आहे.

शिवाय सरांच्या पद्धतीचा एक हिशेब कधी कोणी मांडलाच नाही. जे टिकले ते पदकं घेऊन आले, त्यांचे फोटो ऑफिसात लागले. जे मोडले ते निघून गेले, त्यांची नोंद कुठेच नाही. मी ऑडिटर म्हणून एवढंच म्हणेन की फक्त नफ्याची पानं दाखवणाऱ्या वहीवर मी सही करत नाही. ऑनलाइन सेवेत निदान प्रत्येक सोडून गेलेल्याची फाइल त्यांच्या सर्व्हरवर राहते. ते ती उघडून बघतात का, हा वेगळा प्रश्न.

आणि मोठ्या कोचांकडे पाहिलं की कळतं, खरे जाणकार या भांडणात पडतच नाहीत. पॅट्रिक सांग स्वतः १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकचा ३००० मीटर स्टीपलचेसचा रौप्यविजेता. त्याच्या हाताखालचा एलिउड किपचोगे २०१९ मध्ये व्हिएन्नात १:५९:४० मध्ये मॅरेथॉनचं अंतर पळाला. तो उपक्रम अधिकृत विक्रमात धरत नाहीत, पण अंतर तेवढंच होतं. त्या दिवशी पुढे रस्त्यावर वेगाची खूण लेझरने मारणारी गाडी, पाळीपाळीने बदलणारे पेसर (वेग राखून देणारे धावपटू), पायात कार्बन प्लेटचे बूट. आणि घरी? रोजचं ट्रेनिंग हाताने वहीत लिहायची त्याची सवय. कॉल्म ओ’कॉनेल हा आयरिश ब्रदर १९७६ मध्ये केनियातल्या इटेनच्या शाळेत भूगोल शिकवायला गेला, ॲथलेटिक्सचं शिक्षण शून्य. बघून बघून शिकला, आणि त्याच्या हाताखालच्या डेव्हिड रुडिशाने २०१२ मध्ये लंडनला ८०० मीटर १:४०.९१ मध्ये मारले. यावरून ‘बघा, विज्ञान लागत नाही’ असं सिद्ध होत नाही बरं का. रोज तेच पाय वर्षानुवर्षं बघायला मिळाले तर डोळ्यांतही बराच डेटा साठतो, एवढंच त्यातून मी घेते.

सेवेच्या बारीकसारीक गोष्टी भराभर सांगते. मनगटावरच्या सेन्सरचं वेगवान धावेत फार ऐकू नका. तो कधीकधी पल्सऐवजी पावलांची लय पकडून बसतो आणि आरामात पळतानाही १७० दाखवतो. छातीचा पट्टा घ्या, पाण्याने आधी ओला करून बांधा. सत्र चुकलं की कॅलेंडरवर लाल चौकोन येतो आणि तो कारण विचारत नाही; आजारपणाची सुट्टी टाकायची सोय आहे पण ती आधी टाकावी लागते, ताप यायच्या आधी ती कशी टाकायची ते त्यांनाच माहीत. एक ते दहाच्या पट्टीवर ‘किती जड गेलं’ हे प्रत्येक रननंतर विचारतात. गुन्नर बोर्गच्या जुन्या ६ ते २० च्या पट्टीचीच ती धाकटी बहीण. हा आकडा कंटाळा न करता, इमानदारीत भरा. माझा कोच म्हणाला की तो सगळ्यात आधी तोच रकाना बघतो, आलेख नंतर. मेसेजचं उत्तर साधारण दिवसभरात येतं, शनिवार-रविवारी येत नाही. आता लाँग रन लोक कधी करतात? असो. सोडून जाताना सगळ्या फाइली एका झटक्यात डाउनलोड करता येतात, ही मात्र मानाची गोष्ट.

वरच्या पातळीबद्दल एक सावधगिरी. सगळं कोचवर अवलंबून आहे आणि तो तुम्ही निवडत नाही, ते नेमून देतात. माझं नशीब चांगलं. माझ्या मैत्रिणीला मिळालेला कोच ‘ग्रेट जॉब’ आणि अंगठा यापलीकडे गेला नाही, आणि तिचा आराखडा खालच्या पातळीच्या आराखड्याशी ओळीन्ओळ जुळत होता. पहिल्या कॉलमध्ये सरळ विचारा: तुमच्याकडे सध्या किती जण आहेत? शेवटचं सत्र तुम्ही कोणाचं आणि का रद्द केलंत? दुसऱ्या प्रश्नावर जो अडखळतो, तो फाइली उघडत नाही.

कोणी घ्यावी? ज्यांची पहिली मॅरेथॉन आहे आणि जवळपास कोच नाही, त्यांनी खालची पातळी घ्यावी, पण झोन स्वतः टेस्ट देऊन भरावेत आणि विश्रांती घड्याळावर न घेता मानेवर बोटं ठेवून घ्यावी. ज्यांची एखादी जुनी दुखापत वर डोकं काढते, किंवा ज्या बायकांना या विषयांवर मोकळं बोलायला माणूस हवाय, त्यांनी वरची. ज्यांच्याकडे चांगले सर आहेत त्यांनी सर सोडू नयेत, फक्त हलक्या दिवसांसाठी झोनचा इशारा लावून घ्यावा, आणि काट्यावर चढायला सांगितलं तर नाही म्हणावं.

मी काय केलं? वरची पातळी चालू ठेवली, पण इंटरव्हलचा दिवस तिच्यातून काढून घेतला. कोचला तसं सांगितलं. त्याने वाईट वाटून न घेता कॅलेंडरवर त्या दिवशी ‘ट्रॅक, स्थानिक कोच’ असं लिहिलं आणि खाली एक ओळ टाकली: ‘किती रिपीट झाले आणि कोणी थांबवलं, तेवढं कळवा.’ पाचपैकी साडेतीन तारे. टेपरचा तो बाण काढून टाकतील त्या दिवशी चार करीन. सदस्यत्व घेणार असाल तर तिमाहीच घ्या, वर्षाचं नको. कोच बदलून मागायची मुभा पहिल्या महिन्यापुरतीच आहे आणि ती अटींमध्ये अगदी तळाशी लिहिलीय.